कॉलेज निवडताना तासही मोजा

बारावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या घराघरांत कॉलेजांची यादी तयार होऊ लागते. वरच्या चार-पाच ओळींत बहुधा माटुंगा, चर्चगेट, विलेपार्ले असतात आणि घराजवळचे कॉलेज सर्वांत खाली, 'कुठेच नाही मिळाले तर' म्हणून लिहिलेले असते. हा क्रम कसा लावला असे विचारले, तर उत्तर येते ते नावाचे आणि कटऑफचे. त्या कॉलेजात जायला-यायला रोज किती वेळ लागेल, तो वेळ दिवसातल्या कशातून कापला जाईल आणि त्याच्या बदल्यात घराजवळ न मिळणारे असे नेमके काय हाती येईल, हा हिशेब यादीत कुठेच नसतो. मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याने तो सर्वांत आधी मांडावा, असे माझे म्हणणे आहे. लांबचे कॉलेज निवडू नये असा याचा अर्थ नाही. मात्र लांब जायचे तर त्यासाठी भक्कम कारण हवे, आणि 'नाव मोठे आहे' एवढे कारण पुरेसे नाही.

यादीचा हा क्रम आला कुठून हे पाहिले तर तो बदलणे सोपे जाते. एके काळी ठाण्याच्या पुढे राहणाऱ्याला पदवीसाठी मुंबई गाठावीच लागे, कारण इकडे कॉलेजेच नव्हती. उल्हासनगरला चांदीबाई कॉलेज १९६५ मध्ये निघाले. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे कला-वाणिज्य महाविद्यालय, म्हणजे आजचे जोशी-बेडेकर, १९६९ मध्ये सुरू झाले. कल्याणचे बिर्ला कॉलेज १९७२ चे, ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९७६ चे आणि ज्ञानसाधना १९८० चे. त्याआधीच्या पिढीने रुइया, रुपारेल, पोदारची वाट धरली ती मुख्यतः गरजेपोटी. गरज संपली, पण तिची सवय राहिली आणि पुढे तिलाच प्रतिष्ठा आली. आज डोंबिवलीत पेंढरकर, प्रगती, मॉडेल अशी कॉलेजे आहेत, घोडबंदर रस्त्यावर अभियांत्रिकीची सोय आहे, मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात बाळकूमला आणि कल्याणला आहेत. तरीही त्या काळच्या परिस्थितीत घेतलेला निर्णय नव्या पिढीच्या प्रवेशअर्जात तसाच उतरतो.

आता तासांकडे वळू. डोंबिवलीहून माटुंग्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस घ्या. घर ते स्टेशन, फलाटावरची वाट, दादरपर्यंत फास्टने साधारण पाऊण ते एक तास, माटुंग्याला फास्ट थांबत नाही म्हणून कुर्ल्याला किंवा दादरला गाडी बदलणे, मग कॉलेजपर्यंत चालणे. एका बाजूचा दीड तास सहज होतो, म्हणजे रोजचे तीन. तोच विद्यार्थी आपल्याच शहरातल्या कॉलेजात गेला तर रिक्षा किंवा बसने जाऊन-येऊन तासाभरात काम होते. फरक दोन तासांचा. वर्षाला अध्यापनाचे १८० दिवस धरले, तर हे झाले ३६० तास. हा आकडा किती मोठा आहे हे श्रेयांकांच्या मापाने कळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांची पदवी १३२ श्रेयांकांची आहे, म्हणजे वर्षाला ४४. एका श्रेयांकाला वर्गातली १५ तासांची शिकवणी धरतात. सगळे विषय लेखी धरले तरी वर्षभराची व्याख्याने होतात ६६० तासांची. म्हणजे फक्त जास्तीचा प्रवासच वर्षाच्या एकूण व्याख्यानांच्या निम्म्याहून अधिक वेळ खातो. विद्यार्थ्यांना रेल्वेच्या पासात सवलत मिळते, त्यामुळे हा प्रवास खिशाला जाणवत नाही, आणि खर्च दिसत नाही म्हणून तो हिशेबात येत नाही.

प्रवासाचा वेळ लोकलमध्ये वाचनात घालवता येतो, असे यावर सांगितले जाते. सकाळी साडेसहाला बसायला जागा मिळणाऱ्याच्या बाबतीत ते थोडेफार खरेही आहे. पण सकाळी आठ ते दहा या वेळात डोंबिवलीच्या फलाटावरून गाडीत शिरणाऱ्याला पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो. जागा मिळावी म्हणून उलटे कल्याणला जाऊन 'रिटर्न' येणारे आहेतच. त्यांचा वेळ आणखी वाढतो. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तरी गर्दी हटली नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, ही घटना अजून सर्वांच्या लक्षात आहे. त्यात विद्यापीठाची ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रुळांवर पाणी आले की पहिली गैरहजेरी लागते ती कल्याणपलीकडच्या मुलांची, आणि विज्ञान शाखेत बुडालेले प्रॅक्टिकल मित्राच्या वहीवरून भरून निघत नाही. दमलेला विद्यार्थी आधी शेवटचे व्याख्यान सोडतो, मग ग्रंथालय, मग नाटक-वक्तृत्व-एनएसएस. ज्या गोष्टींसाठी त्याने नामांकित कॉलेज निवडले, त्याच गोष्टी सहाची गाडी पकडण्यासाठी सुटतात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजून मात्र चालणार नाही. ते मिनिटांमध्ये आणि दिशेने मोजावे. कासारवडवलीत राहणाऱ्याला ठाणे स्टेशनजवळचे कॉलेज नकाशावर जवळ दिसते, पण घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत तेवढ्याच अंतराला तास लागू शकतो. उलट ठाणे स्टेशनलगत राहणाऱ्याला ट्रान्स-हार्बरने ऐरोली किंवा वाशी आणि पुढे नेरुळची कॉलेजे सोयीची पडतात. मुलुंडचे केळकर-वझे तर पुढच्याच स्टेशनावर आहे. कल्याणकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब असतात त्याच वेळी कर्जत-कसाऱ्याकडच्या गाड्या त्या मानाने मोकळ्या असतात. उल्हासनगरच्या चांदीबाई किंवा तलरेजा कॉलेजात जाणाऱ्याला गर्दीच्या उलट दिशेचा प्रवास मिळतो. म्हणून कोणतेही कॉलेज यादीत टाकण्यापूर्वी कामाच्या दिवशी, व्याख्यानाच्या वेळेत, एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. रविवारी पालकांच्या गाडीतून केलेली फेरी याबाबत काहीच सांगत नाही.

या किमतीच्या बदल्यात काय मिळते, ते आता पाहू. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत मुंबईबरोबरच ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. नुसते संलग्न असलेले कॉलेज दादरचे असो की डोंबिवलीचे, तिथला अभ्यासक्रम आणि पदवी विद्यापीठाचीच असते. २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन तपासणीचा गोंधळ झाला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, तेव्हा कॉलेजाचे नाव संलग्न महाविद्यालयांतल्या कोणालाही वाचवू शकले नाही. स्वायत्त कॉलेजांची गोष्ट वेगळी. ती आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात, परीक्षा स्वतः घेतात, पदवी मात्र विद्यापीठाची देतात. झेवियर्स आणि रुइया स्वायत्त आहेत हे सर्वांना ठाऊक असते. बांदोडकर, जोशी-बेडेकर, बिर्ला आणि पेंढरकरही स्वायत्त आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय मुंबईतली काही जुनी नावे आता मुंबई विद्यापीठाची राहिलेली नाहीत. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली, के. सी. आणि एच. आर. एचएसएनसी विद्यापीठात. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो हा: पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल आणि अभ्यासक्रम कोण ठरवते? दोन स्वायत्त कॉलेजांच्या संकेतस्थळांवरून एकाच विषयाचे अभ्यासक्रम उतरवून शेजारी ठेवले, तर कटऑफने जे कळत नाही ते तासाभरात कळते.

कारण कटऑफ ही मागणीची नोंद आहे. त्या कॉलेजात किती गुणांची मुले किती संख्येने येऊ पाहतात, एवढेच ती सांगते. आत गेल्यावर त्यांना कोण आणि कसे शिकवते, याविषयी ती गप्प असते. कॉलेजांचे मूल्यमापन करणाऱ्या नॅकची श्रेणी त्याहून बरी, पण तिच्यावरही डोळे मिटून विसंबू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या पाहणीत लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या समितीतल्या लोकांना सीबीआयने अटक केली होती. श्रेणीपेक्षा उपयोगाचे आहेत ते तिच्यासाठी कॉलेजाने भरलेले कागद. स्वयंमूल्यमापन अहवाल आणि वार्षिक गुणवत्ता अहवाल कॉलेजांना संकेतस्थळावर ठेवावे लागतात. त्यात पूर्णवेळ प्राध्यापक किती, त्यांपैकी पीएच.डी. किती, ग्रंथालयावर वर्षाला खर्च किती, पदवीनंतर किती विद्यार्थी पुढे शिकायला गेले, किती जणांना नोकरी लागली, हे कोष्टकांत दिलेले असते. आपल्याला हव्या त्या विभागापुरते एवढे पाहावे. राज्यात प्राध्यापकांच्या अनेक जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांवर पुष्कळ विभाग चालतात. तासिका तत्त्वावरचा शिक्षक उत्तम शिकवूही शकेल, पण तो पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नसते. ज्या विभागात दोन-तीन कायम शिक्षक टिकून आहेत तो विभाग, कॉलेज कोणत्याही स्टेशनाचे असो, विश्वासाचा मानावा.

मग लांब कधी जावे? जिथे मिळणारी गोष्ट या पट्ट्यात मिळतच नाही तिथे. रसायन तंत्रज्ञानासाठी १९३३ पासूनची माटुंग्याची आयसीटी, अभियांत्रिकीसाठी १८८७ ची व्हीजेटीआय, चित्र-शिल्पकलेसाठी १८५७ चे जे. जे., कायद्यासाठी १८५५ चे चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय, इथल्या जागेसाठी रोजचे तीन तास देणे समजण्यासारखे आहे. तसेच तत्त्वज्ञान, संस्कृत, संख्याशास्त्र अशा विषयांचे जिवंत विभाग थोडेच उरले आहेत. त्यांपैकी एखादा विषय मनापासून हवा असेल तर जिथे तो नीट शिकवतात तिथे जावेच. मात्र अशा वेळी वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे राहण्याची शक्यता प्रवेशाबरोबरच तपासावी. कसोटी एका वाक्यात मांडता येते: 'मी तिथे जातोय कारण तिथे अमुक आहे आणि ते मी अमुक प्रकारे वापरणार आहे.' हे वाक्य नाव किंवा कटऑफ न उच्चारता पूर्ण करता आले, तर लांब जाण्यात अर्थ आहे.

यावर पहिला आक्षेप संगतीचा असतो. मोठ्या कॉलेजात हुशार मुले भेटतात, महोत्सव असतात, कंपन्या येतात, मुंबईची हवा लागते. आक्षेप खोटा नाही. पण त्या हवेचा लाभ घ्यायला व्याख्यानांनंतर तिथे थांबावे लागते, आणि दूर राहणाऱ्याला नेमके तेच जमत नाही. महोत्सवाची तयारी रात्री आठपर्यंत चालते, तेव्हा दादरचा मुलगा थांबतो आणि बदलापूरचा निघतो. कंपन्यांच्या बाबतीत अभियांत्रिकी-व्यवस्थापन आणि साधी पदवी यांत फरक करावा लागेल. पहिल्या गटात कॅम्पसवर कोण येते याला खरोखर महत्त्व आहे आणि त्याचे आकडे मागून घ्यावेत. 'सर्वाधिक पॅकेज' न विचारता विभागातल्या किती जणांना नोकरी लागली ते विचारावे. बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.च्या बहुतेक विद्यार्थ्यांची वाट मात्र पुढची पदव्युत्तर पदवी, सीए, स्पर्धा परीक्षा किंवा बी.एड. अशी असते आणि तिथे प्रवेश परीक्षेतले गुण व तयारीचे तास चालतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आमच्याकडची कॉलेजे असायला हवीत तशी नाहीत, वर्ग भरत नाहीत, मुले क्लासवर विसंबतात. काही ठिकाणी हे खरे आहे आणि ते झाकून उपयोग नाही. म्हणूनच 'जवळचे ते चांगले' असा सरसकट नियम मी सांगत नाही. जवळच्या चार कॉलेजांत निवड करावी आणि ती विभागवार करावी, असे म्हणतो. एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र उत्तम आणि संगणकाचा विभाग नावापुरता असू शकतो. एखाद्या मंगळवारी दुपारी बारा वाजता कॉलेजात जावे. वर्ग चालू आहेत का, प्रयोगशाळेत मुले आहेत का, अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते, हे डोळ्यांनी पाहावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या सत्रात कोणत्या विषयाला शिक्षक उशिरा मिळाला, आणि मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय म्हणून प्रत्यक्षात काय काय घेता आले? नव्या धोरणात विषयांचे स्वातंत्र्य कागदावर मोठे आहे, पण कॉलेजात विभाग चारच असतील तर ते चारांपुरतेच उरते. चौथ्या वर्षाची ऑनर्स किंवा संशोधनासह पदवी तिथे करता येते का, हेही आत्ताच विचारून ठेवावे.

तिसरा आक्षेप मुलींच्या बाजूने यायला हवा आणि तो योग्यच आहे. 'जवळचे बघ' हा सल्ला आपल्याकडे मुलींना नेहमीच दिला जातो आणि त्याच घरातल्या मुलाला मुंबईला धाडले जाते. या लेखातला हिशेब तसा वापरला गेला तर तो हिशेब राहणार नाही. तास मुलाचे आणि मुलीचे सारखेच असतात. आयसीटीची जागा मिळाली तर ती दोघांनीही घ्यावी आणि कारण नसेल तर दोघांनीही डोंबिवलीत शिकावे. मुलींसाठी एक आर्थिक बाबही आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने वार्षिक ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या होर्डिंगांवर जी नवी नावे दिसतात, त्यांची चौकशी करताना हा मुद्दा विसरू नये.

शुल्काबाबत एक फरक सर्वांनीच समजून घ्यावा. एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन्ही अभ्यासक्रम चालतात. साधे बी.कॉम. किंवा बी.एस्सी. भौतिकशास्त्र अनुदानित असेल तर शुल्क थोडे असते. आयटी, अकाउंटिंग अँड फायनान्स, मास मीडिया असे सेल्फ फायनान्सचे अभ्यासक्रम त्याच्या कित्येक पट महाग पडतात. नाव आकर्षक म्हणून अभ्यासक्रम चांगला ठरत नाही. त्या शुल्कात कायम शिक्षक किती मिळतात हे पाहावे. बीबीए, बीसीए, बीएमएससाठी २०२४ पासून राज्याची सीईटी आली, तेव्हा काही कॉलेजांनी अभ्यासक्रमांची नावे बदलून ते सीईटीबाहेर ठेवले. त्यामुळे जुने नाव शोधत बसू नये. प्रवेश सीईटीने की बारावीच्या गुणांवर, शिष्यवृत्ती लागू की नाही, हे कॉलेजाच्या कार्यालयात विचारून घ्यावे आणि शुल्काचे पत्रक लेखी मागावे.

एवढे झाले की यादी पुन्हा लिहावी. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी आधी करावी लागते आणि मग प्रत्येक कॉलेजाची गुणवत्ता यादी वेगळी लागते. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत प्रत्येक फेरीसाठी पसंतीक्रम भरला जातो आणि त्यातल्या वरच्या जागेला बांधून घ्यावे लागू शकते. म्हणून जिथे खरोखर जायचे नाही ते कॉलेज शोभेसाठी वर लिहू नये. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: रोजचे एकूण तास, हव्या त्या विभागातले कायम शिक्षक, वर्षाचा पूर्ण खर्च. दोन कॉलेजे बरोबरीची ठरली तर जवळचे घ्यावे. आणि चौथी गोष्ट विद्यार्थ्याने स्वतःसाठी लिहावी: वाचलेले ३६० तास कशाला देणार. वाचलेला वेळ मोबाइलवरच जायचा, ही पालकांची शंका चुकीची नाही. घराजवळच्या कॉलेजाची बाजू तेवढ्याने कोसळू शकते. एखादी भाषा, प्राध्यापकाच्या हाताखाली छोटा प्रकल्प, एमआयडीसीतल्या कारखान्यात सुटीतले काम, स्पर्धा परीक्षेचा पाया किंवा नुसते रोज दोन तास ग्रंथालय, यांपैकी एक काहीतरी प्रवेशाच्या दिवशीच ठरवावे आणि पहिल्या सत्राच्या अखेरीस ते होते आहे का, हे पालकांनी आणि पाल्याने बसून एकदा तपासावे.